मुलं तयार आहेत, फक्त तुमच्यासमोर नाहीत

पत्र :

सर, नमस्कार. मी शहादा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. यंदा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्याआधी गूगल फॉर्म पाठवून 'अभ्यासासाठी मोबाईल वापरायला आवडेल का' असं विचारलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी 'हो' लिहिलं. मी हौसेने यूट्यूबवर चाळीस-चाळीस मिनिटांची इंग्रजी लेक्चर्स टाकली. ग्रुपवर रोज एक प्रश्न टाकते. कुणी वाचलं ती यादी उघडून बघते, तर पन्नासेक नावं असतात, पण उत्तर एकाचंही नाही. दोघं-तिघं तेवढं 'गुड मॉर्निंग मॅम' टाकतात. दहा-बारा मुली न सांगता एक्झिट झाल्या. हीच मुलं रात्री बारापर्यंत इन्स्टाग्रामवर असतात. सहकारी म्हणतात, या पोरांना मोबाईल फक्त रील्ससाठी लागतो. विभागप्रमुख म्हणतात, ग्रुपवरच्या सहभागाला इंटर्नलचे गुण ठेवा. मैत्रीण म्हणते, तूच इन्स्टावर जा. खरं सांगते, मन खट्टू झालंय. काय करू? की बंदच करून टाकू सगळं?
– एक प्राध्यापिका

मॅडम, नमस्कार.

सुरुवात त्या फॉर्मपासून करू, कारण तुमची निराशा तिथूनच निघाली आहे. फॉर्म तुम्ही पाठवला. वर नाव आणि रोल नंबर विचारला असणार. प्रॅक्टिकलची सही तुमची, इंटर्नलचे गुण तुमच्या हातात. अशा बाईंनी 'मोबाईलवर शिकायला आवडेल का' विचारल्यावर 'नाही' लिहिणारा पोरगा शहाद्यात काय, अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. शिवाय फॉर्म फोनवरच गेला. ज्याच्याकडे फोन नाही, किंवा ज्याचा रिचार्ज त्या आठवड्यात संपला होता, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही. म्हणजे 'नाही' म्हणू शकणारे आधीच बाहेर राहिले आणि आत उरलेल्यांनी तुमचा मान राखला. त्या 'हो'ला मुलांचं वचन समजू नका.

आता निळ्या खुणांचं. पन्नास जणांनी प्रश्न वाचला आणि उत्तर दिलं नाही, याचं तुम्हाला दुःख आहे. मला त्यात पन्नास जणांनी वाचला हे मोठं वाटतं. रावेर-यावलकडे संध्याकाळी केळीच्या भावाचा मेसेज ग्रुपवर पडतो. त्याखाली कुणी 'छान माहिती, धन्यवाद' लिहीत बसत नाही. वाचतात, दोन फोन करतात आणि सकाळची कापणी ठरवतात. वाचणं हाही वापरच आहे. उत्तर मिळालं तरच मूल शिकलं, हा हिशेब वर्गातला आहे, आणि वर्गात तरी तो कुठे लागू पडतो? 'समजलं का?' विचारल्यावर साठ माना हलतात, त्यातल्या किती खऱ्या असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, बहुधा तुम्हाला माहीत नसेल म्हणून. तुमच्या वर्गाचा आणखी एक ग्रुप आहे. तुम्ही त्यात नाही. मी पैज लावायला तयार आहे.

माझी पुतणी तिकडे धुळ्याला विज्ञान शाखेतच शिकते. तिने एकदा मला त्यांचा तो दुसरा ग्रुप दाखवला, नावं झाकून आणि 'काका, कुणाला सांगू नका' असं बजावून. ग्रुपचं नाव होतं 'जर्नल कुणाचं पूर्ण आहे'. वर थोडी थट्टामस्करी, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, एक-दोन न सांगण्यासारखे स्टिकर. त्याखाली मात्र मी बघतच राहिलो. वहीच्या पानाचे फोटो, तिरपे काढलेले, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलेला. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. 'तिसऱ्या युनिटमधलं आयएमपी काय?' या प्रश्नाला अकरा उत्तरं. आणि एका पोराचा व्हॉइस मेसेज, बेंझीनच्या रिंगवर इलेक्ट्रॉन कसे फिरतात ते समजावणारा, चक्क अहिराणीत : 'हाऊ इलेक्ट्रॉन आठे जास, मंग तो तठे ऱ्हास नही' (इथे जातो, मग तो तिथे राहत नाही). पुतणीच्या म्हणण्याप्रमाणे तो पोरगा वर्गात वर्षभर तोंड उघडत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता त्याच्याच मागे सगळे लागतात.

तुमचे सहकारी म्हणतात तशी ही पोरं असती, तर हे घडलंच नसतं. ती मोबाईलवर शिकायला तयार नाहीत असं नाही हो. ती शिकतच आहेत, आणि एकमेकांना शिकवतही आहेत. तुमच्यासमोर ते करायला ती तयार नाहीत, एवढंच. हा भेद नीट पकडलात तर पुढचं सगळं सोपं आहे.

हे काही आपल्याकडचंच नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली एका विद्यापीठातल्या मुलांच्या फेसबुक वापराचा अभ्यास झाला. मुलांचं म्हणणं साधारण असं निघालं, की फेसबुक मित्रांसाठी आहे; तिथे मित्रांशी अभ्यासाबद्दल आम्ही बोलतो, पण तिथे येऊन शिक्षकांनी शिकवावं असं आम्हाला फारसं वाटत नाही. फेसबुकच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप घाला, इन्स्टा घाला, शहादा घाला. चित्र तेच.

स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येणारं 'ही पिढी मोबाईल घेऊनच जन्माला आली' हे वाक्यही बाहेरूनच आलेलं आहे. मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकाने २००१ साली 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द चालवला. अर्थ असा, की ही मुलं तंत्रज्ञानाची जन्मजात रहिवासी आणि आपण शिक्षक तिथे नंतर आलेले परप्रांतीय. शब्द फार चालला. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी पुरावा मागितला, तेव्हा हा दावा फारसा टिकला नाही. एकाच वयाच्या मुलांमध्ये कौशल्याचा आणि वापराचा फरक भरपूर निघाला. रील बनवता येणाऱ्या पोराला पीडीएफमध्ये शब्द शोधता येतोच असं नाही. तुमच्याच वर्गात बघा : दर पाच मिनिटांनी स्टेटस बदलणारा मुलगा परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरायला सायबर कॅफेवाल्याला पैसे देतो.

आकडेही बघून ठेवा, विभागप्रमुखांशी बोलताना कामाला येतील. ग्रामीण शिक्षणाचा 'असर' अहवाल काढणाऱ्यांनी २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी २८ जिल्ह्यांत केली. महाराष्ट्रातून त्यात आपला नंदुरबार होता. देशभरचं चित्र असं, की स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया वापरला. पण जवळजवळ दोनतृतीयांश जणांनी त्याच आठवड्यात फोनवर काही ना काही अभ्यासही केला : व्हिडिओ बघितले, शंका विचारल्या, नोट्सची देवाणघेवाण केली. म्हणजे रील्स आणि अभ्यास एकाच फोनवर, एकाच संध्याकाळी, शेजारी-शेजारी चालतात. आपण मात्र एक दिसलं की दुसरं नाहीच असं धरतो.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा तुमच्या एक्झिट झालेल्या मुलींकडे नेतो. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के. तुमच्या मुली वयाने थोड्या मोठ्या आहेत, तरी घरं तीच आहेत. ज्या नंबरवर तुम्ही तिला अ‍ॅड केलंत, तो तिच्या भावाचा असेल, वडिलांचा असेल. ग्रुपवर मुलांचे 'गुड मॉर्निंग' आणि गुलाबाची फुलं यायला लागली की घरात विचारणा होते : हे कोण? त्यात साठ जणांच्या ग्रुपमध्ये साठ जणांना तिचा नंबर दिसतो. रात्री साडेअकराला एखाद्या पोराचा 'हाय' येतो. ती तुमच्याकडे तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की फोनच बंद होईल, कदाचित कॉलेजही. ती गुपचूप बाहेर पडते. तुमच्या विषयाचा किंवा तुमच्या शिकवण्याचा त्यात काही दोष नाही. मॅडम, सगळ्या पत्रात मला हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली आणि तुम्ही ती ओझरती लिहून पुढे गेलात.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. साधा ग्रुप मोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कम्युनिटी' करता येते. तिच्यातल्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत; ते फक्त अ‍ॅडमिनला आणि ज्यांनी ते आधीच सेव्ह केले आहेत त्यांना दिसतात. तिथे नवा मेसेजही फक्त अ‍ॅडमिन टाकतो, म्हणजे गुड मॉर्निंग आणि गुलाब बहुतेक थांबले. कम्युनिटीत आणखी छोटे ग्रुप काढायचा मोह होईल, तो टाळा. त्या छोट्या ग्रुपमध्ये नंबर पुन्हा उघडे पडतात.

लिहिणार तुम्ही एकट्याच, म्हणजे संवाद संपला असं वाटेल. मला तसं वाटत नाही. अंमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रात्री जागून स्वतः लिहायचे आणि सकाळी मुलांना वाचायला मिळायचं. खाली अभिप्रायाचा रकाना नव्हता. वाचायचं त्याने वाचावं आणि बोलायचं असेल त्याने गुरुजींना गाठावं. मुलं वाचत होती, ती रोज त्यात आपल्यासाठी काहीतरी असायचं म्हणून.

इथे तंत्रज्ञानाच्या स्वीकाराबद्दलचं थोडं शास्त्र सांगतो, एरवी मी अशा भानगडीत पडत नाही. १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी मांडलं, की माणूस नवं साधन वापरेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं : याने माझं काम होईल असं त्याला वाटतं का, आणि ते वापरायला किती कटकट आहे. २००३ मध्ये व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आजूबाजूच्या माणसांचं दडपण आणि हाताशी असलेल्या सोयी याही धरल्या. मूळ विचार ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दलचा होता, पण तुमच्या ग्रुपला लावून बघा.

रोजचा एक प्रश्न. समजा तुम्ही विचारलंत, 'या अभिक्रियेची मेकॅनिझम लिहा', म्हणजे ती पायरीपायरीने कशी होते ते. कशी लिहायची? बेंझीनचा षटकोन मोबाईलवर टाइप होत नाही. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे वाकडे बाण टाइप होत नाहीत. वहीत काढायचं, उजेडात न्यायचं, फोटो घ्यायचा, टाकायचा. एवढं करून उत्तर चुकलं तर? साठ जणांसमोर चुकलेलं, कायम राहणारं, कुणीही स्क्रीनशॉट काढून फिरवू शकेल असं. वर्गात चुकलेलं उत्तर तासाबरोबर विरून जातं. त्यात भाषेची अडचण. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, घरी अहिराणी, गुजरी किंवा भिली बोलणारी ही मुलं, आणि बी.एस्सी. इंग्रजीतून. स्पेलिंग चुकेल ही भीती मेकॅनिझम चुकण्यापेक्षा मोठी असते. एवढी जोखीम घेऊन मिळतं काय, तर तुमचा हिरवा बरोबरचा इमोजी. मीही गप्पच बसलो असतो.

म्हणून तर आजकाल मुलं शंका घेऊन यंत्राकडे जातात. २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्येच मेटा एआयचं गोल चिन्ह आलं आहे. त्याला काहीही विचारलं तरी ते हसत नाही आणि वर्गातल्या कुणाला कळतही नाही. कुणी बघत नसलं की विचारायची तयारी किती असते, त्याचा याहून चांगला पुरावा नको. ते यंत्र मेकॅनिझममध्ये आत्मविश्वासाने चुकतं, हे मात्र तुम्ही वर्गात एकदा फळ्यावर दाखवून द्या. त्याचं चुकलेलं उत्तर घ्या आणि मुलांना चूक शोधायला लावा. यंत्राची चूक काढताना ही मुलं अजिबात लाजत नाहीत, बघाच.

चाळीस मिनिटांच्या व्हिडिओबद्दल कडू वाटेल असं सांगतो. ते कुणी बघणार नाही. बऱ्याच मुलांचा रोजचा डेटा दीड जीबीच्या आसपास असतो, आणि २०२४ च्या जुलैत रिचार्ज महागल्यापासून तोही जपून वापरतात. तुमच्या एका व्हिडिओला दोन-अडीचशे एमबी सहज जातात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावर ज्यांची रेंज टेकडी चढल्याशिवाय येत नाही, त्यांचं तर विचारूच नका. आणि जे लेक्चर वर्गात एकदा झालं, तेच पुन्हा इंग्रजीत, त्याच गतीने कशाला ऐकायचं? मुलाला अडलेलं असतं एका बाणापाशी. त्याला तेवढा एक बाण हवा असतो.

तर त्याऐवजी हे करा. तास संपला की फळा पुसायच्या आधी त्याचा फोटो काढा आणि तिथल्या तिथे टाका. बस्स. लिहून घ्यायच्या धावपळीत ज्याचं ऐकायचं राहिलं, त्याच्यासाठी हा सोन्यासारखा फोटो. रात्री एक ऑडिओ, तीन-चार मिनिटांचा, मराठीत. व्हिडिओ नको, फक्त आवाज. 'आज तिसऱ्या पायरीला बहुतेकांचं जे अडलं, ते असं आहे' एवढंच. फळ्याचा फोटो समोर ठेवून ऐकलं की पुरतं. ऑडिओला डेटा किरकोळ लागतो, आणि तो एकदा उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुमची निम्मी मुलं कापूस वेचायला जातात हे तुम्हाला माहीत आहेच. हात कापसात असले तरी कान मोकळे असतात. एका कानात इअरफोन घालून ओळीने वेचत जाणारी मुलं मी पाहिली आहेत. बहुतेक गाणीच ऐकत असतील, पण तुमचे चार मिनिट त्यात बसू शकतात. चाळीस बसणार नाहीत.

मराठीत बोलायचा संकोच वाटत असेल, तर ती भीती कुणाची आहे ते स्वतःला विचारा. मुलांना चालतं. हसतील तर स्टाफरूममधले हसतील. त्यांचा ग्रुप वेगळा आहे.

शंका विचारायची वाट मात्र उघडी हवी, आणि तिथे नाव नको. गूगल फॉर्मच वापरा, पण या वेळी नाव, रोल नंबर, ईमेल काही न मागता. एकच चौकट : 'काय अडलं?' फोटो जोडायची सोय ठेवू नका. ती ठेवली की फॉर्म गूगल खात्याने लॉगिन करायला लावतो आणि पोरं तिथेच मागे फिरतात. चित्र काढून विचारायचं असेल त्यांच्यासाठी प्रयोगशाळेच्या दाराशी एक खोका ठेवा, चिठ्ठी टाकायचा. हसू नका, खोका फॉर्मपेक्षा जास्त भरेल. त्यातल्या दोन-तीन शंका घेऊन रात्रीचा ऑडिओ करा. 'कुणीतरी विचारलंय' एवढंच म्हणा. ज्याने विचारलंय त्याला कळतं. सुरुवातीला खोका रिकामाच राहील. पहिल्या आठवड्यात तुम्हीच दोन चिठ्ठ्या लिहून टाकल्यात तरी मी त्याला लबाडी म्हणणार नाही.

आता गुणांचं. नका ठेवू. सहभागाला गुण लावले की दुसऱ्या दिवसापासून साठ उत्तरं येतील आणि सगळी एकाच्या वहीतून उतरवलेली असतील. त्याखाली 'थँक यू मॅम'ची रांग. तुमचा ग्रुप जिवंत दिसेल आणि मरून जाईल. त्याहून वाईट म्हणजे, ज्या मुलीकडे फोन नाही तिचे इंटर्नलचे गुण फोन नाही म्हणून कापले जातील. हे तुम्हाला रात्री झोपू देणार नाही, आणि देऊ नये. विभागप्रमुखांना गुण कशाला हवेत याचा मला अंदाज आहे. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या फाइलला अध्यापनात तंत्रज्ञान वापरल्याचे स्क्रीनशॉट लागतात. (महाराष्ट्रात निम्मे शैक्षणिक ग्रुप त्या फाइलसाठीच जन्मतात, आणि समिती येऊन गेली की त्यांच्यावर फक्त सणांच्या शुभेच्छा उरतात. मुलांनाही हे बरोबर कळतं.) तर फळ्याचे फोटो, ऑडिओची यादी आणि खोक्यातल्या शंका जोडून द्या. फाइल जाड होईल, गुणांशिवायच.

इन्स्टावर जायचं का? मैत्रिणीचं मन चांगलं आहे, सल्ला चुकीचा आहे. मुलं तिथे आहेत ही गोष्ट खरी. पण ती तिथे ज्या रूपात आहेत, ते रूप शिक्षकांना दाखवायचं नसतं. तुम्ही आलात की दोन गोष्टी होतील. बरीच मुलं तुम्हाला न दिसणाऱ्या दुसऱ्या अकाउंटवर सरकतील. उरलेली तुमच्या भाचीच्या साखरपुड्याचे फोटो झूम करून बघतील आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला तुमच्या साडीवर चर्चा होईल. तुमचंही एक खासगी अंगण आहे, तेही सांभाळायला हवं. वेगळं 'केमिस्ट्री'चं पान काढून रील्स करायची हौस असेल तर जरूर करा, पण ती हौस म्हणून. या वर्गाच्या मेकॅनिझमचा प्रश्न त्यातून सुटायचा नाही.

त्या दुसऱ्या, मुलांच्या ग्रुपचं काय करायचं? काहीच नाही. त्यात शिरू नका, त्याची चौकशी करू नका, 'मला माहीत आहे बरं का' असं वर्गात सूचकपणे हसून म्हणूही नका. तुम्ही त्यात फोटो टाकायची गरजच नाही. तुमच्या फळ्याचा फोटो आणि चार मिनिटांचा ऑडिओ पाच मिनिटांत तिथे पोचलेला असेल, आणि त्याखाली धुळ्यासारखाच एखादा अहिराणी पोरगा बाकीच्यांना समजावत असेल. तुमच्यासमोर झाली नाही ती चर्चा तिथे होईल. ती तुम्हाला दिसणार नाही, हे सोसावं लागेल. शिक्षकाला ते जड जातं, मला कल्पना आहे. दिसतं ते चाचणीत दिसेल, आणि खोक्यातल्या चिठ्ठ्यांमध्ये : शंका 'मेकॅनिझम समजली नाही'वरून 'दुसऱ्या पायरीला हायड्रोजन का निघतो'वर आल्या, की समजा गाडी चालू आहे.

मात्र त्या ग्रुपवर एखाद्या मुलीला त्रास होतोय, फोटो फिरतोय असं कुणी तुमच्या कानावर घातलं, तर वरचं सगळं विसरा. तिथे गप्प बसायचं नसतं. कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती त्यासाठीच आहे. मुलीशी आधी एकटीशी बोला, तिला विचारून पाऊल उचला आणि तिचा फोन घरी जप्त होणार नाही अशा बेताने सगळं करा.

फोन नसलेल्यांसाठी एक साधी सोय. आठवड्याचे फळ्याचे फोटो शनिवारी प्रिंट काढून विभागाच्या ग्रंथालयात एका फाइलमध्ये लावत जा. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे एक प्रत ठेवलीत तर उत्तमच. एस.टी.ने येणाऱ्या मुली गाडीची वाट बघताना तिथेच उभ्या असतात.

ग्रुप बंद करताना वर्गात दोन वाक्यांत सांगा. 'सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसत होते, ते मला ठीक वाटलं नाही, म्हणून नवीन काढलंय. उत्तर लिहायची सक्ती नाही.' एवढं पुरे. कोण एक्झिट झालं त्याचा उल्लेख नको. आणि त्या दहा-बारा मुलींना स्वतः पुन्हा अ‍ॅड करू नका. नवी लिंक फळ्यावर लिहा किंवा क्यूआर कोड छापून प्रयोगशाळेच्या दाराला लावा. ज्यांना यायचं त्या येतील. ज्या येणार नाहीत त्यांना कारण विचारू नका, त्यांच्यासाठी शनिवारची फाइल आहे.